जाड तारेचा दबदबा

"टोन हवा असेल तर जाड तारा लाव." इलेक्ट्रिक गिटार हातात घेतलेल्या बहुतेकांना हे वाक्य कोणी ना कोणी ऐकवलेलं असतं. ऐकवणारा बहुधा अनुभवी असतो, त्याचा हात चांगला असतो, म्हणून शंका घेण्याचं धाडस होत नाही. त्या वाक्याच्या पोटात आणखी एक वाक्य दडलेलं असतं: पातळ तारा शिकाऊंच्या, खरा वादक जाड तारांवर वाजवतो. मग नऊच्या सेटवर मजेत वाजवणारी एखादी कॉलेजातली मुलगी दहाचा सेट लावते, पुढे अकराचा. पूर्ण स्वराचा बेंड पाऊण स्वरावर अडतो, मनगट ठणकू लागतं, सराव कमी होतो, आणि ती दोष देते स्वतःच्या बोटांना. दोष सल्ल्याचा असतो. इतका ठामपणे दिला जाणारा आणि इतक्या कमी पुराव्यावर उभा असलेला सल्ला गिटारच्या जगात दुसरा क्वचितच सापडेल.

आकड्यांचा अर्थ आधी स्पष्ट केलेला बरा. सेटला नाव पडतं ते पहिल्या, म्हणजे सर्वांत पातळ तारेवरून. नऊ म्हणजे इंचाचे नऊ हजारांश, दहा म्हणजे दहा हजारांश. दहाची तार मिलिमीटरमध्ये मोजली तर 0.254 भरते. बाजारात सर्वाधिक खपणारे सेट दोन: 9 ते 42 आणि 10 ते 46. फरक केसाएवढाही नाही, पण हाताला तो लगेच कळतो, कारण त्याच स्वराला ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या साडेपंचवीस इंच लांबीवर नऊची पहिली तार ई स्वराला आणली की तिच्यावर सुमारे 5.9 किलोचा ताण येतो; दहाच्या तारेवर 7.3, अकराच्या तारेवर 8.9. नऊवरून अकरावर जाणं म्हणजे जाडीत दोन हजारांश इंचांची वाढ आणि ताणात दीडपट.

जाड तारांच्या बाजूनं पहिला साक्षीदार म्हणून नेहमी उभा केला जातो तो स्टीव्ही रे वॉन. टेक्सासचा हा ब्लूज गिटारवादक तेराचा सेट वापरायचा, सहावी तार तब्बल 58 ची, आणि 1983 च्या 'टेक्सास फ्लड'वरचा त्याचा आवाज ऐकून कोणाचंही मन जाड तारांकडे ओढलं जाईल. साक्ष खरी आहे. उलटतपासणी मात्र कोणी घेत नाही. वॉन गिटार अर्धा स्वर खाली, ई-फ्लॅटला लावायचा. अर्धा स्वर उतरला की ताण सुमारे 11 टक्क्यांनी घटतो. म्हणजे त्याच्या तेराच्या तारेवर 12.4 नव्हे, 11 किलोच्या आसपास ताण होता. नेहमीच्या ट्यूनिंगमधल्या बाराच्या तारेपेक्षा किंचित जास्त. तरीही तो ताण प्रचंडच, आणि त्याची किंमत त्यानं मोजली. बोटांची कातडी सोलवटायची, तेव्हा तो ती सुपरग्लूनं चिकटवून वाजवायचा. बोटांचे फारच हाल झाले की पहिली तार थोडी पातळ लावली जायची, असं त्याची गिटार सांभाळणाऱ्या रेने मार्टिनेझनं सांगितलेलं आहे. ज्याच्या नावानं तेराचा सेट विकला जातो, त्याच्या जवळचा माणूसच त्याला हलक्या तारेकडे नेत होता.

आणि त्याचा आवाज नेमका कुठून येत होता? त्याच्या पायाशी आयबनेझचं ट्यूब स्क्रीमर असायचं. या पेडलची रचनाच अशी की सुमारे 720 हर्ट्झच्या खालच्या भागाला विरूपणाच्या टप्प्यात कमी जोर मिळतो. खर्ज आवरला जातो आणि मधला पट्टा पुढे येतो. जाड तारांनी 'भरदार' खर्ज मिळतो म्हणून ज्याचा दाखला द्यायचा, तोच वादक अ‍ॅम्पकडे जाण्याआधी त्या खर्जाला लगाम घालत होता. त्यापुढे मोठ्या आवाजात लावलेले एकाहून अधिक अ‍ॅम्प, रुंद फ्रेट, आणि सगळ्यांच्या वर त्याचा उजवा हात. त्या हाताच्या प्रहाराला पातळ तार फ्रेटवर खडखडली असती, म्हणून त्याला जाड तार सोयीची होती. कारण समजून न घेता परिणाम उचलला, की हाती फक्त सुजलेली बोटं उरतात.

दुसरा साक्षीदार बोलावू. बी. बी. किंगची एक हकिगत झीझी टॉप बँडचा बिली गिबन्स सांगत आला आहे. तरुणपणी गिबन्सच्या गिटारवर जाड तारा होत्या. किंगनं ती गिटार हातात घेऊन वाजवली आणि इतके कष्ट कशासाठी घेतोस, असं त्याला विचारलं. ब्लूजमधल्या सर्वांत ओळखीच्या व्हायब्रॅटोचा हा मालक. गिब्सन कंपनीनं किंगच्या नावानं काढलेला सेटही दहापासूनच सुरू होतो. गिबन्स त्यानंतर पातळ तारांकडे वळला तो असा की आज त्याच्या नावाचा सेट सातचा आहे. झीझी टॉपचा आवाज 'बारीक' आहे असं म्हणणारा श्रोता अजून भेटायचा आहे.

पण या वादातली निर्णायक साक्ष बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमीची. 1965 मध्ये, सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यातल्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं कापली गेली. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच जायबंदी झाला. गिटार सुटली असंच त्याला वाटलं होतं. कारखान्यातल्या वरिष्ठानं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. भाजलेल्या हाताच्या दोनच बोटांनी सोलो वाजवणारा हा जिप्सी गिटारवादक. त्यातून उमेद घेऊन आयोमीनं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर चामडं चढवलं. तरी त्या काळच्या जाड तारा त्याला वाकवता येईनात. मग त्यानं बँजोच्या पातळ तारा आणून गिटारला लावल्या. हलका सेट बनवा म्हणून त्यानं तार कंपन्यांकडे विचारणा केली, तेव्हा असा सेट खपणार नाही असं उत्तर मिळालं. अखेर वेल्समधल्या पिकाटो कंपनीनं त्याला हवा तसा सेट बनवून दिला. याच पातळ तारांवर 1970 मध्ये त्याच्या ब्लॅक सॅबथ बँडचे पहिले दोन अल्बम झाले. 1971 च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'मध्ये त्यानं काही गाण्यांसाठी गिटार दीड स्वर खाली उतरवली, तारा आणखी सैल झाल्या, आणि हेवी मेटलचा पाया म्हणून जग आजवर ज्याकडे बोट दाखवतं तो आवाज त्यातून आला. रॉकच्या इतिहासातला सर्वांत जड आवाज हलक्या, सैल तारांमधून निघाला. जाडीच्या पुरस्कर्त्यांनी या एका गोष्टीचं उत्तर आधी द्यावं.

यादी लांबवता येईल. जिमी हेन्ड्रिक्सच्या सेटची जी मापं त्याच्यासाठी पेडल बनवणाऱ्या रॉजर मेयरनं सांगितली आहेत, त्यात पहिली तार दहाची आणि सहावी फक्त 38 ची आहे. आजच्या साध्या दहाच्या सेटमध्ये ती 46 ची असते. क्वीनच्या ब्रायन मेनं आठच्या सेटवर वाजवलेलं आहे, तेही वडिलांच्या मदतीनं घरी बनवलेल्या चोवीस इंची गिटारवर. त्याच्या पहिल्या तारेवर जेमतेम सव्वाचार किलोचा ताण येतो, वॉनच्या निम्म्याहूनही कमी. क्वीनच्या गिटारांचा थर ऐकताना ही तार अशक्त वाटते का?

मग जाडीचं हे वजन आलं कुठून? उत्तर इतिहासात आहे, आणि ते फारसं गूढ नाही. इलेक्ट्रिक गिटारचा जन्म ज्या कमानदार लाकडी गिटारमधून झाला, तिला पिकअप नव्हता. बिगबँडमध्ये ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या गर्दीत ऐकू यायचं तर तारेनं ब्रिजमार्फत लाकडाची पाटी हलवायला हवी, आणि त्यासाठी ताण हवा. तिथे जाड तार ही गरज होती. गिब्सननं 1936 मध्ये पिकअप बसवलेली ईएस-150 बाजारात आणली, चार्ली ख्रिश्चनसारख्यानं ती बेनी गुडमनच्या मंचावर नेली, पण तारांचे सेट मात्र जुन्याच हिशेबानं विकले जात राहिले. पिकअप आला, लाकूड हलवायची सक्ती संपली. सवय तेवढी मागे राहिली.

ती सवय मोडली वादकांनीच. गायक रिकी नेल्सनसोबत वाजवणाऱ्या जेम्स बर्टननं टेलिकास्टरवर बँजोच्या तारा चढवल्या, कारण त्याला कंट्रीच्या पेडल स्टीलसारखे बेंड हवे होते आणि दुकानातल्या सेटवर ते निघत नव्हते. लॉस एंजेलिसच्या टारझाना भागात दुकान चालवणाऱ्या अर्नी बॉलनं पाहिलं की शिकाऊ पोरं तिसऱ्या, गुंडाळलेल्या तारेशी झगडत आहेत. त्यानं फेंडरला हलका सेट बनवायला सांगितलं; फेंडरनं नकार दिला. मग 1962 मध्ये त्यानं स्वतःच 'स्लिंकी' सेट आणला. आज दहाचा सेट 'नॉर्मल' मानला जातो तो याच बंडामुळे. म्हणजे जाडीवाले ज्या दहाच्या सेटला किमान मर्यादा समजतात, तो सेट त्यांच्या पूर्वसूरींच्या मते पोरासोरांचा होता.

आता भौतिकशास्त्र. फ्रेंच विद्वान मारँ मेर्सेननं 1636 मध्ये तारेचा स्वर कशावर ठरतो ते मांडलं: लांबी, ताण आणि दर लांबीमागचं वजन. या तीन गोष्टींतून जाडीच्या बाजूच्या तीन लोकप्रिय दाव्यांची परीक्षा घेता येते.

पहिला दावा, पातळ तार लवकर तुटते. एकाच पोलादाच्या दोन साध्या तारा, एक नऊची आणि एक अकराची, एकाच लांबीवर एकाच स्वराला लावल्या तर प्रत्येक चौरस मिलिमीटरमागचा भार दोघींवर अगदी सारखा असतो. ताण जाडीच्या वर्गानं वाढतो आणि तारेचं छेदक्षेत्रही जाडीच्या वर्गानंच वाढतं, त्यामुळे जाडीचा हिशेब दोन्हीकडून कटतो. तार वारंवार तुटत असेल तर आधी सॅडलवरची धार पाहावी, नटची खाच पाहावी, पिकचा प्रहार पाहावा. बारीक पॉलिश पेपरनं सॅडल गुळगुळीत केलं की वर्षानुवर्षांची तक्रार एका दुपारी मिटते.

दुसरा दावा, पातळ तार बेंड करताना वेडीवाकडी धावते. इथेही तोच हिशेब. ठरावीक अंतर बाजूला ओढलं तर दोन्ही साध्या तारांचा स्वर सारखाच चढतो. फरक पडतो तो फक्त लागणाऱ्या जोरात, आणि अकराला नऊपेक्षा दीडपट जोर लागतो. तारेवर ताबा म्हणजे ओढलेल्या अंतराचं भान. ते भान कानानं आणि सरावानं येतं, आणि कमी जोरात जास्त वेळ सराव होतो.

तिसरा दावा सर्वांत महत्त्वाचा: जाड तार 'मोठी' वाजते. यात तथ्य आहे, ते नाकारायचं कारण नाही. पिकअपच्या चुंबकीय क्षेत्रात जास्त पोलाद हललं की सिग्नल थोडा जोरकस निघतो. पण तोच फरक पिकअपची उंची बदलून, पेचकसाच्या काही फेऱ्यांत, भरून काढता येतो. शिवाय जाडीबरोबर ताठरपणा वाढतो. ताठर तारेचे वरचे उपस्वर मूळ स्वराच्या नेमक्या पटीत न राहता किंचित चढे होतात. खर्जाच्या तारा गुंडाळून बनवायची प्रथा पडली ती मुख्यतः हा ताठरपणा टाळण्यासाठी. 18 किंवा 20 ची साधी, न गुंडाळलेली तिसरी तार लावून इंटोनेशन जमवायचा प्रयत्न केलेल्या कोणालाही हा चढेपणा ओळखीचा असेल. 'जाड म्हणजे शुद्ध' हे समीकरण इथे उलटतं.

तरीही लोक शपथेवर सांगतात की अकराचा सेट लावला आणि आवाज फुलला. ते खोटं बोलत नाहीत. त्यांच्या तुलनेत मात्र एक मोठी खोट आहे. जुना नऊचा सेट मे महिन्याच्या घामानं काळा पडलेला, जुलैच्या दमटपणात गंजलेला. त्याच्या जागी आला कोरा, चकचकीत अकराचा. मुंबई, कोकण, गोवा, या किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत तार काही आठवड्यांत मरगळते, तिचे वरचे उपस्वर विझतात. तार बदलली की ते परत येतात. म्हणजे तो आवाज फुलला ते बहुतांशी कोरेपणामुळे, आणि श्रेय गेलं जाडीला. त्यातच दुकानात तारा बदलताना गिटारचा सेटअप झालेला असतो, नेक सरळ केलेली असते. ज्याला खरंच तपासायचं आहे त्यानं एकाच कंपनीचे दोन कोरे सेट घ्यावेत, प्रत्येकासाठी सेटअप आणि पिकअपची उंची नीट लावावी, एकच तुकडा ध्वनिमुद्रित करावा आणि आवाजाची पातळी सारखी करून मित्राला न सांगता ऐकवावा. एवढे कष्ट न घेता नव्या पोरांना 'टोन'चे पाठ देणं हे बेजबाबदार आहे.

जाड तारा कुठे लागतातच, हेही सांगायला हवं. गिटार डी किंवा सी किंवा त्याहून खाली उतरवून, प्रत्येक तारेवर घाव घालत मेटल वाजवायचं असेल तर पातळ तार लोंबते, पिकच्या फटक्यानं स्वर आधी वर उडतो आणि मग खाली येतो. आयोमीच्या हाताला ते जमलं, प्रत्येकाला जमेल असं नाही. स्लाइड वाजवताना काचेच्या किंवा धातूच्या नळीखाली तार दबू नये म्हणून ताण हवाच. व्हॅन शिप्लीनं मुंबईत ज्या इलेक्ट्रिक हवाईयन गिटारवर हिंदी चित्रपटगीतांच्या धून वाजवल्या, त्या वाद्याला फ्रेटवर दाबायचंच नसतं. तिथे भक्कम तारा योग्यच. जॅझच्या कमानदार गिटारवर चपट्या गुंडाळीच्या जाड तारांचा गोल, अंधारा आवाज ज्याला हवा त्यानं त्या जरूर लावाव्यात. ज्यांचा डावा हात जड आहे, कॉर्ड धरतानाच तार इतकी दाबली जाते की स्वर चढतो, त्यांनाही जाड तारेची मदत होते. हात हलका करणं हा दुसरा उपाय. या सगळ्या ठिकाणी जाडीला कारण आहे. आक्षेप आहे तो कारणाशिवाय लादलेल्या जाडीवर.

आणि 'जाड तारांनी बोटं तयार होतात' हा व्यायामशाळेतला तर्क तर सर्वांत अपायकारक. दहाच्या पूर्ण सेटवर नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये सहा तारांचा मिळून ताण सुमारे 47 किलो असतो, नऊच्या सेटवर 39 च्या आत. शिकणाऱ्याचा हात त्या फरकाशी झुंजतो तेव्हा अंगठा नेकमागे आवळला जातो, खांदा उचलला जातो, मनगट दुमडतं. ताकद येण्याआधी वाईट सवयी येतात. दुखणं सहन करणं ही साधना नसते. दुखत असेल तर थांबावं, तार बदलावी, सेटअप तपासावा, असं शिक्षकानं स्वच्छ सांगायला हवं.

महाराष्ट्रात तर या प्रश्नाचं उत्तर शोधायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. मिरजेला तानपुरा करायला टाकताना पहिली विचारणा पट्टीची होते. गायक काळी एकला गातो की गायिका काळी चारला, यावर वाद्याची लांबी ठरते आणि त्यावरून तारा. खाली लावायच्या मर्दानी तानपुऱ्याला लांबी जास्त आणि तारा जाड, उंच लावायच्या जनानी तानपुऱ्याला लांबी कमी आणि तारा पातळ. पातळ तारांचा तानपुरा कमी दर्जाचा, असं कोणी म्हणत नाही. स्वर ठरतो, लांबी ठरते, मग तार निवडली जाते. मेर्सेनच्या नियमात जे आहे तेच या पिढीजात व्यवहारात आहे.

गिटारलाही हाच क्रम लावावा. कोणत्या ट्यूनिंगमध्ये वाजवणार, हे आधी. मग गिटारची लांबी: गिब्सन लेस पॉलच्या पावणेपंचवीस इंचांवर तोच सेट फेंडरपेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी सैल लागतो, म्हणून स्ट्रॅटवर नऊ आवडणाऱ्याला लेस पॉलवर साडेनऊ किंवा दहा आवडू शकतो; साडेनऊचे सेटही मिळतात. त्यानंतर हात, आणि वाजवायची शैली. सेट बदलला की नेकमधला ट्रस रॉड फिरवावा लागेल, तरंगत्या ब्रिजच्या स्प्रिंगांचा ताण जुळवावा लागेल, जाड तार नटच्या अरुंद खाचेत अडकत असेल तर ती खाच घासावी लागेल, इंटोनेशन नव्यानं लावावं लागेल. हे न करता फक्त तारा बदलून 'जमत नाही' म्हणणं हा सेटवर अन्याय आहे, मग तो नऊचा असो की बाराचा.

चौदा वर्षांच्या मुलाला पहिली इलेक्ट्रिक गिटार घेऊन देणाऱ्या पालकांनी दुकानात नऊचा सेट मागावा, हात लहान असेल तर आठचा. दुकानदार म्हणाला की त्यावर 'खरा टोन' येत नाही, तर त्याला ब्लॅक सॅबथची रेकॉर्ड ऐकायला सांगावी.